डोळ्यांदेखत काढलेलं दूध

मुलांनो,

मागच्या रविवारी तुम्ही पाठवलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. काचेची जाड बाटली, वर सायीचा पिवळसर थर, मागे कुठलंसं हिरवं कुरण. खाली लिहिलं होतं : "आजी, कच्चं दूध! थेट गोठ्यावरून. तुझ्या कोल्हापूरसारखं. डॉक्टर लोक नको म्हणतात, पण आम्ही स्वतः वाचून ठरवलं." शेवटी एक हसरा चेहरा.

मी चहा घेत होते. कप बशीत ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही. तुमच्या बाबांना तेव्हाच फोन लावला, तर तो म्हणाला, "आई, ती मोठी झालीत आता. आणि मला तरी कुठं काय आठवतंय? मी पाळण्यात होतो." खरंच, तो पाळण्यात होता. तुमची आत्या या विषयावर बोलत नाही. राहिले मी. फोनवर मला धड सांगता येत नाही. मध्येच आवाज तुटतो आणि तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणत राहता. म्हणून लिहायला बसले आहे. बाबांकडून वाचून घ्या. तोवर ते दूध तापवा, ऊत येईपर्यंत तापवा, आणि मगच प्या.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरात पेठेमध्ये भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. घरात आबा होते, म्हणजे माझे सासरे. तरुणपणी त्यांनी तालमीत अंग कमावलं होतं, पुढे गुळाच्या अडतीत जन्म काढला, आणि सत्तरीतही पाठ ताठ. तुमची आत्या तेव्हा दहा वर्षांची, त्यांची लाडकी.

पेठेच्या तोंडाशी दूधकट्टा होता. तुम्ही सुटीत येता तेव्हा पाहिला असेल, पण थांबला नसाल. गवळी सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन तिथे येत, गिऱ्हाइकासमोर धार काढत आणि फेसाळता पेला हातात देत. लोक उभ्याउभ्या पीत. मिशीला फेस लागायचा, तो उलट्या हाताने पुसायचा आणि मग कुस्ती, उसाचा दर, कुणाच्या तरी पोरीचं लग्न अशा गप्पा. पेल्याचा एक रिवाज होता. कुणी आपल्यासाठी भरून पुढे केला तर तो नाकारायचा नाही. पोट भरलेलं असो, उपास असो, घ्यायचा. नाकारला म्हणजे देणाऱ्याचं तोंड चारचौघांत खाली घातलं. "घ्या की पावणं, म्हस काय रोज भेटती व्हय?" असं म्हणून वाटसरूच्या हातातही पेला कोंबला जायचा.

आबांचा दिवस तिथूनच सुरू व्हायचा. नात चालती झाल्यापासून बोट धरून बरोबर. तिच्यासाठी गवळ्याने एक छोटा पेला वेगळा ठेवला होता.

मला ते रुचायचं नाही. घरात येणारं दूध मी तापवूनच देत असे. तेव्हा कुठलीही बाई तापवायचीच. मग कट्ट्यावरचं तसंच का, असं मी आबांना एकदा विचारलं.

"घरात तापवायचं कशापाई?" आबा म्हणाले. "ते कवाचं काढलेलं, कुणाकुणाचा हात लागलेला, इहिरीचं पाणी घातलेलं. हे तर म्हशीच्या अंगातनं तापूनच येतंय. देवानं तापवून दिलंय, आता तू आनि किती तापवनार?"

"पण आबा, जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

"इंग्रजी शिकलीस म्हणून तुला दिसाय लागले व्हय?" आणि स्वतःच मोठ्याने हसले. तुमचे आजोबाही हसले. मीसुद्धा थोडी हसले, कारण ते म्हणणं तसं अगदीच खोटं नव्हतं. मीही जंतू पाहिलेले नव्हते. पुस्तकात वाचले होते.

आबांना कुणी अडाणी समजू नका. ते फार विचारी होते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. अडतीत आयुष्य गेलेलं. गुळाची ढेप फोडून आत बघितल्याशिवाय ते सौदा करत नसत. सरकारी दूध बाटलीतून मिळायला लागलं तेव्हा त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, "हे कुठल्या म्हशीचं, कवाचं, कुनी काढलं, ठाव न्हाय. कागदावर ल्हिवलंय चांगलं हाय म्हणून चांगलं व्हय? मी डोळ्यांदेखत काढलेलंच पिनार." तुम्ही जे लिहिलंत ना, स्वतः ठरवलं म्हणून, ते आबांचंच वाक्य आहे. फक्त त्यांनी ते गवळ्यासमोर उभं राहून ठरवलं होतं.

आमच्या घरात या विषयातला खरा जाणकार एकच. माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, आबांचे जावई. ते गुरांचे डॉक्टर होते आणि त्या वेळी आमच्याच जिल्ह्यातल्या मलकापूरच्या सरकारी दवाखान्यात नेमणुकीला होते. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. शांत माणूस. दिवाळीला दोघं आली तेव्हा मी मुद्दाम जेवताना विषय काढला. म्हटलं, भाऊजी सांगतील ते आबा ऐकतील.

भाऊजींनी नीट सांगितलं. म्हशीला रोग असला आणि ती वरून धडधाकट दिसली तरी रोग दुधातून उतरतो. क्षय उतरतो. आणखी एक ताप आहे, तो उतरतो. दुधाचा रंग, वास, चव, काही बदलत नाही. "उकळलं की संपलं, मामा. एवढंच करायचं." जावई सासऱ्याला मामा म्हणायचे.

जावयाला उलट बोलायची रीत नव्हती. आबा भाकरी मोडत राहिले. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जावयाला म्हणाले, "चला जावईबापू, पाय मोकळे करून येऊ." तिघं गेली; आबा, भाऊजी आणि नात. परतली ती पोरगी दारातूनच ओरडत, "आई, डॉक्टरकाकांनी दोन पेले प्यायले! दोन!"

मी चुलीपुढून उठून बाहेर आले. भाऊजी पायरीवर बसून चपला काढत होते. एक चप्पल काढायला त्यांना फार वेळ लागला. आबांनी माझ्याकडे बघितलं. नुसती मिशीवरून बोटं फिरवली. बोलायची गरज नव्हती. ज्याने काल शास्त्र सांगितलं त्यानेच आज पेला रिकामा केला होता, आणि पेठेतल्या दहाजणांनी ते बघितलं होतं. त्या दिवसानंतर आमच्या घरात दूध तापवण्यावर मी तोंड उघडलं की आबा एवढंच म्हणत, "जावयांस्नी इचार जा."

मी सुन्न झाले होते. राग आला असता तर बरं झालं असतं. अडाण्याने ऐकलं नाही तर समजतं. जाणणाऱ्याने स्वतःचंच ऐकलं नाही, हे मला समजेना. मग खरं काय? सांगितलं ते, की केलं ते?

संक्रांतीनंतर तुमच्या आत्याला ताप यायला लागला. दुपारी चढायचा, मग दरदरून घाम, चादर पिळून काढावी असा, आणि सकाळी पोरगी बरी. आठवडाभर बरी राहायची, की पुन्हा ताप. शाळेत जायची, पुन्हा घरी. अंगावरचं मांस गेलं. डोळे मोठे दिसायला लागले.

आमचे नेहमीचे डॉक्टर पेठेत मोठ्या मानाचे. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत, आणि तो होताही. तुमच्या बाबांच्या बाळंतपणात माझा जीव त्यांनीच वाचवला होता. ते म्हणाले, मुदतीचा ताप. औषध दिलं. मुदत संपली, ताप संपेना. मग तिचे सांधे धरले. गुडघा, मग डावा खुबा. तेव्हा ते म्हणाले, हा सांधेताप आहे, हृदयावर जातो. पेनिसिलीन द्यायचं, बिछान्यातून उठू द्यायचं नाही. "आणि दूध द्या. भरपूर दूध. हाडांना ताकद हवी."

डॉक्टरांनी कच्चं द्या असं म्हटलं नव्हतं. तापवून द्या असंही म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो प्रश्नच नसणार. पण आबांना हवं ते मिळालं. ते रोज कट्ट्यावरून तांब्या भरून आणत, वर फडकं बांधून, आणि गरम आहे तोवर पोरीच्या उशाशी बसून घोट घोट पाजत. मी शाळेतून येईपर्यंत तांब्या रिकामा. डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "पी बाय, पी. उभी ऱ्हाशील बघ." एवढ्या मायेने मी कुणाला काही पाजताना पाहिलेलं नाही. आज ते चित्र आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि त्या मायेमुळेच येतो.

एके सकाळी तिला मोरीकडे न्यायला उठवलं, तर डावा पाय जमिनीला टेकवेना. किंचाळली. तिला धरून मी तिथेच बसले. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. मी विचारलं, "ही पुन्हा चालेल ना?" ते म्हणाले, "हृदय वाचलं तर पायाचं बघू."

आजारी भाचीला बघायला म्हणून नणंद आणि भाऊजी आले. नणंद रडायला लागली. भाऊजी पोरीजवळ बसले. पाय हळूच हलवून पाहिला, मानेखाली हात घातला, घामाने ओली झालेली उशी चाचपली. मग मला विचारलं, "ताप असा लाटेसारखा येतोय? मध्ये काही दिवस जातो, पुन्हा येतो?"

"हो."

ते उठले आणि एकटेच कट्ट्यावर गेले. काय घडलं ते त्यांनी परत येऊन सांगितलं. आबांच्या गवळ्याच्या म्हशी बघितल्या. बाकीच्या म्हशींजवळ रेडकं होती; रेडकू आधी लुचतं, मग म्हैस पान्हा सोडते. एका म्हशीजवळ मात्र रेडकू नव्हतं, पुढ्यात नुसती पेंडीची पाटी. भाऊजींनी विचारलं, "हिचं रेडकू?" गवळी म्हणाला, "मेलं." "जन्मून मेलं, की आधीच?" गवळी म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "गाबडली की ती, दिवाळीच्या आधी. पर दूद झकास देती."

म्हणजे दिवस भरायच्या आधीच तिचं रेडकू पडलं होतं. भाऊजी म्हणाले, म्हशीत हे ज्या रोगाने होतं, त्याच रोगाचा माणसाला असा येणारा-जाणारा ताप होतो. सांधे धरतात. खुबा धरतो. नाव ब्रुसेलोसिस. रक्तात कळतं. "उद्याच रक्त मिरजेच्या मोठ्या इस्पितळात पाठवा, वहिनी."

आबा दारात उभे होते. ते म्हणाले, "म्हस गाबडली म्हणून पोरीचा पाय दुखतोय? जावईबापू, तुम्ही जनावराचं डॉक्टर. जनावराचं बगा."

आमच्या डॉक्टरांकडे तुमचे आजोबा गेले, तर तेही चिडले. "मी कधी म्हशींवर मत दिलंय का? मग त्यांनी माझ्या पेशंटवर देऊ नये. अहो, हा रोग पुस्तकात असतो. इतक्या वर्षांत मी एकही रुग्ण पाहिलेला नाही." तुमचे आजोबा घरी येऊन भिंतीला टेकून बसले. म्हणाले, "आता मी कुणाचं ऐकू? एक माणसांचा डॉक्टर, तो म्हणतो सांधेताप. एक गुरांचा डॉक्टर, तो म्हणतो दूध. आणि तोच दिवाळीत दोन पेले पिऊन गेला. आणि आबा म्हणतात, दोघंही खुळे."

मला तरी कुठे कळत होतं? इंग्रजी येत होतं म्हणून वैद्यकी येत नाही. मी ग्रंथालयात जाऊन जाड पुस्तक उघडलं असतं तर प्रत्येक रोग मला माझ्या पोरीचाच वाटला असता. मग मी एक केलं. दोघांना एकच प्रश्न विचारला. स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, "तुमचं निदान चुकलेलं असलं, तर ते आपल्याला कशावरून कळेल?"

ते म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास नसेल तर दुसरा डॉक्टर बघा."

घरी येऊन भाऊजींना तेच विचारलं. ते लगेच म्हणाले, "रक्त. त्यात या रोगाची खूण नसली तर माझं चुकलं. मी तुमच्या डॉक्टरांची माफी मागेन आणि मलकापूरला जाईन."

रक्त मिरजेला गेलं.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत, एका दुपारी स्वयंपाकघरात मी आणि भाऊजी दोघंच होतो. मला राहवलं नाही. "भाऊजी, तुम्हाला एवढं ठाऊक होतं. मग तुम्ही का प्यालात?"

त्यांनी मान खाली घातली. "सासऱ्यानं चारचौघांत पेला पुढं केला, वहिनी. जावयानं काय करायचं? नको म्हटलं असतं तर मामांची मान खाली गेली असती. पेठ काय म्हणाली असती, मलकापूरचा साहेब झाला, सासऱ्याचा पेला चालत नाही?"

"आणि रोगाची भीती?"

"मला तो होऊन गेलाय." ते अगदी साधेपणाने म्हणाले. "अडलेल्या म्हशी सोडवताना खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. चार वर्षांमागे झाला. पाठ अजून धरते. म्हटलं, मला आता नवीन काय होणार?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. या माणसाला तो ताप पुस्तकातून ठाऊक नव्हता, स्वतःच्या पाठीतून ठाऊक होता. आणि तरीही, शेजारी दहा वर्षांची पोरगी तिचा छोटा पेला तोंडाला लावून उभी असताना, तो मानापायी गप्प राहिला. मी म्हटलं, "तुम्ही एक पेला प्यालात भाऊजी, आणि या घरातलं तुमचं सगळं सांगणं त्यात बुडालं." त्यापुढे मी ताणलं नाही. त्यांच्याशिवाय माझं कोण होतं?

मिरजेहून निकाल आला. तोच रोग.

त्याबरोबर भाऊजींनी आग्रह धरून आबांचंही रक्त पाठवायला लावलं होतं. त्यांच्या रक्तातही खूण सापडली. मी घाबरले. म्हटलं, आता आबांचं काय होणार! तर आबा उठले, धोतराचा सोगा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "बगा! माझ्या बी अंगात हाय म्हनतासा. मला काय झालंय? म्हस एक, दूद एक. मी प्यालो, पोर प्याली. मला काय झालं न्हाय. मग दूद वाईट कसं? सांगा की!"

तुमचे आजोबा माझ्याकडे बघायला लागले. मी भाऊजींकडे. भाऊजी म्हणाले, सगळ्यांना होतोच असं नाही. "मग तेच म्हनतोय की मी," आबा म्हणाले.

ज्या पुराव्याने मी हादरले, त्याच पुराव्याने ते निश्चिंत झाले. मला त्यांचं उत्तर सापडायला बरीच वर्षं लागली. ते असं : कट्ट्यावर उभं राहून बघणाऱ्याला उभेच दिसतात. जे आडवे पडले ते कट्ट्यावर नसतात, ते कुठल्यातरी घरात आतल्या खोलीत असतात आणि त्यांना सांधेताप झालेला असतो. आबांनी डोळ्यांनी बघितलं होतं ते खोटं नव्हतं. फक्त त्यांचे डोळे कट्ट्यावर होते.

आमचे डॉक्टर मात्र निकाल बघून स्वतः घरी आले. कागद दोनदा वाचला. मग भाऊजींना म्हणाले, "मी म्हशींवर मत द्यायला शिकलं पाहिजे." आणि औषध बदललं. रोज स्ट्रेप्टोमायसीनचं इंजेक्शन, आणि कॅप्सूल. इंजेक्शन द्यायला ते स्वतः येत. त्याचे पैसे त्यांनी कधी सांगितले नाहीत. दोन महिने ज्यांनी चुकीचं औषध दिलं, त्यांनीच बरोबर औषध दिलं. हेही लक्षात ठेवा.

ताप उतरायला लागला, तेव्हा एका संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. बायका तिथे जात नसत. मला गवळ्याला सांगायचं होतं की त्या म्हशीचं दूध कच्चं देऊ नका, तिथे इतरही पोरं येतात. मी गेले तशा गप्पा थांबल्या. आबा तिथेच होते.

मी गवळ्याला सगळं सांगितलं. तो चांगला माणूस होता. पोरीच्या आजाराने त्याला वाईट वाटलं होतं. कान धरून म्हणाला, "न्हाय वैनी, आता काय भ्या न्हाय. ती म्हस इकली की मी."

"विकली? कुठं?"

"गडमुडशिंगीला. एका पावण्याला. त्याची सून बाळंत झालीया, म्हनला दूद पायजेल."

त्याला ते सांगताना बरं वाटत होतं. आपण आपल्यापुरतं संकट घालवलं, असा त्याचा चेहरा होता. निरोप मिळताच भाऊजी गडमुडशिंगीला जाऊन आले. म्हशीच्या नव्या मालकाने त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हस इकत घिऊन फसलोय असं मी गावात सांगू व्हय? दूद बगा की, कसं घट्ट हाय." त्या घराचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. ती बाळंतीण, ते बाळ, ठाऊक नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी तशीच उभी होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, "एवढ्या आलासा वैनी, आता दूद पिऊन जावा." कुणीतरी हसलं. तेव्हा आबा पुढे झाले. गवळ्याच्या हातातून त्यांनी भरला पेला घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"सूनबाई, घे."

सासऱ्याने सुनेला कट्ट्यावर पेला द्यावा, असं त्या पेठेत कधी घडलं नसेल. त्यांना तो अपमान म्हणून द्यायचा नव्हता. मला वाटतं, ते मला विनवत होते. मी तो घेतला असता तर सगळं मिटलं असतं. दूध निर्दोष, आबा निर्दोष, पोरगी नशिबाने आजारी. पेल्यावर फेस हलत होता.

मी म्हटलं, "नाही आबा. मी नाही घेणार."

त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. मी वळले आणि चालायला लागले. मागे दुसऱ्या म्हशीच्या धारेचा चरवीतला आवाज येत होता. वळून बघितलं नाही. नंतर कळलं, तो पेला त्यांनी स्वतः पिऊन टाकला.

आबा माझ्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी नातीकरवी मागायचे. पण तांब्या घेऊन आले नाहीत. नातीला पुन्हा कट्ट्यावर नेलं नाही. पटलं म्हणून नव्हे. सुनेने चारचौघांत नाकारलं, आता तिच्या पोरीला हात लावायचा नाही, म्हणून. मला कारण चाललं. स्वतः मात्र शेवटपर्यंत गेले, शेवटपर्यंत कच्चं प्याले, आणि पंच्याऐंशी ओलांडून झोपेत गेले. पेठेतले लोक अजून त्यांचं उदाहरण देतात. "आबा बगा, जल्मभर कच्चं प्यालं." मी काही म्हणत नाही. ते खरंच आहे.

तुम्ही विचाराल, मग आजी, विश्वास ठेवायचा की स्वतः विचार करायचा? आमच्या घरात सगळ्यात जास्त स्वतः विचार करणारे आबा होते. आणि सगळ्यात जास्त शिकलेले डॉक्टर दोन महिने चुकत होते. मला दोन्हींतलं एकही पुरलं नाही. मला त्या दिवशी उपयोगी पडलं ते एवढंच, की कुठला माणूस आपण चुकलो हे कबूल करायला तयार आहे आणि ते कसं कळेल हे आधी सांगतो, ते मी बघितलं. तुमच्या त्या गोठ्याच्या मालकाला विचारून बघा. ज्यांचं वाचून तुम्ही ठरवलंत त्यांनाही विचारा. काय उत्तर येतं ते मला कळवा.

तुमची आत्या उन्हाळ्यात उभी राहिली. भिंत धरून, मग काठी घेऊन, मग तशीच. शाळेत एक वर्ष मागे पडली.

आता आबा नाहीत, भाऊजी नाहीत, आमचे डॉक्टर नाहीत, तुमचे आजोबा नाहीत. कट्टा आहे; संध्याकाळी म्हशी येतात आणि लोक उभ्याने पितात. तुमची आत्या आहे. बँकेतून निवृत्त झाली, स्वतः गाडी चालवते. तिचा डावा खुबा पुरता वळत नाही, आणि जमिनीवर बसली तर तिला उठवायला माणूस लागतो.